गॅब्रिएल नाईट ३ खेळायचाय? मिशीपाशी गाईड उघडा, सर्पापाशी बंद करा

परवा नागपुरात धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता एका मित्राने विचारलं, अबे तो मांजराच्या केसाची मिशी वाला गेम तू खरंच पूर्ण खेळला का, मी म्हटलं हो, तर म्हणे काऊन? आता त्या काऊनचं उत्तर टपरीवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहून राहिलो. आणि सोबत कसा खेळायचा तेही सांगतो, कारण हा गेम तयारी न करता घेतला तर पहिल्याच दिवशी डोकं फिरतं आणि माणूस अनइन्स्टॉल करून मोकळा होतो. असे चार जण तर माझ्याच ओळखीत आहेत.

आधी गेम काय आहे ते. सिएरा कंपनीचा गॅब्रिएल नाईट ३, १९९९ च्या नोव्हेंबरमधे आला, तीन सीडीचा. लेखिका जेन जेन्सन. याचा पहिला भाग १९९३ चा, काढलेल्या चित्रांवर चालणारा, दुसरा १९९५ चा, त्यात खरे नट घेऊन शूटिंग केलेलं, आणि तिसरा एकदम थ्रीडी. गॅब्रिएल हा न्यू ऑर्लिन्सचा लेखक, पण घराण्याने भुताखेतांचा शिकारी, आणि ग्रेस नाकिमुरा त्याच्या बरोबरीने काम करणारी, सगळा अभ्यास तिचा. एका राजघराण्यातलं तान्हं बाळ पळवलं जातं, माग काढत गॅब्रिएल दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो नावाच्या डोंगरावरच्या गावी येऊन पडतो. हे गाव खरंच आहे बरं का. तिथे १८८५ मधे बेरांजे सोनिएर नावाचा पाद्री आला आणि त्याच्याकडे एवढा पैसा आला कुठून यावरून आजपर्यंत खजिन्याच्या गोष्टी चालू आहेत. गेममधे त्याच खजिन्यासाठी आलेला एक टूर ग्रुप हॉटेलात उतरलाय, प्रत्येक जण काहीतरी लपवून राहिला, आणि तुमच्या हातात तीन दिवस.

आता लोकांची मतं. या गेमबद्दल विचारलं की दहातले आठ जण त्यातल्या मिशीच्या कोड्याबद्दल बोलतील. ते बोलतील ते खरंच असतं, पण मी एक प्रश्न हमखास विचारतो, तू ग्रेसला घेऊन किती खेळला? कारण मिशीचं कोडं पहिल्याच दिवशी येतं, आणि ग्रेस हातात येते त्यानंतर. ग्रेसपर्यंत पोचलाच नसेल तर त्याचं मत पहिल्या दिवसाचं मत आहे, पूर्ण गेमचं नाही. कॅमेऱ्याला वैतागलेल्या माणसाचं मत मात्र ऐका, ती अडचण शेवटपर्यंत सोबत असते. आवाजाबद्दल तर आमच्याच ग्रुपमधे दोन पार्ट्या आहेत. गॅब्रिएलचा आवाज टिम करीचा, माणूस इंग्रज आणि बोलतो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ढंगात. माझ्या मावसभावाला तो अजिबात सहन होत नाही, म्हणे नाटकातला हिरो वाटतो. मला तो आवडतो, पण बायकांशी बोलताना गॅब्रिएलची जी लाडीगोडी चालते ती आज ऐकवत नाही, हे मीही मान्य करतो. आणि ज्यांना गोष्ट आवडली ते लोक गेमचे दोष नाकारत नाहीत, उलट आधी दोष सांगतात आणि मग म्हणतात तरी खेळ. अशा माणसाचं मत मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

घ्यायचा कुठून, तर गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन दुकानांवरून. मी पहिल्यांदा खेळलो ते बर्डीवरच्या एका दुकानातून आणलेल्या सीड्यांवर, तिसऱ्या सीडीवर एवढा मोठा ओरखडा होता की दोन दिवसांची मेहनत करून गेम तिथेच अडकला आणि दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला, ते दुःख मला अजून आठवतं. आता तो प्रश्नच नाही. सेटिंगमधे स्क्रीन रुंद ताणू नका, चारास तीनच्या मापात ठेवा, मी १०२४ बाय ७६८ वर खेळतो, नाहीतर आधीच ठोकळ्यासारखे असलेले चेहरे आणखी फाकतात. सबटायटल चालू करा. आणि जमलं तर आधी पहिला भाग खेळून घ्या, त्याची २०१४ मधे नवी आवृत्तीही निघाली आहे, कारण गॅब्रिएल, ग्रेस आणि गॅब्रिएलचा जुना पोलीसवाला दोस्त मोझली यांचं आपसातलं नातं तिथून सुरू होतं आणि तिसऱ्या भागात निम्मी गंमत त्या नात्याची आहे.

कॅमेऱ्याची सवय व्हायला अर्धा तास द्या, नुसता. यात कॅमेरा गॅब्रिएलला बांधलेला नाही, गॅब्रिएल एका जागी उभा राहतो आणि तुम्ही कॅमेरा घेऊन खोलीभर, गल्लीभर उडत फिरता. पहिल्यांदा गरगरतं. पण एकदा हात बसला की कळतं की डिटेक्टिव्ह गेमला ही सोय फार कामाची आहे, टेबलाच्या खाली, कपाटाच्या मागे, दाराच्या कडेला स्वतः जाऊन पाहता येतं. मी हॉटेलच्या खोलीत नुसता फिरायचो, काही न करता, पाच दहा मिनिटं. तेवढं केलं की पुढे चिडचिड होत नाही.

आता मिशी. मोझलीही त्या टूरमधे आहे. गावातल्या दुकानातून मोटरसायकल भाड्याने घ्यायची तर गॅब्रिएलला मोझली बनून जावं लागतं. त्यासाठी खाऊच्या गोळीचं आमिष दाखवून मोझलीचा पासपोर्ट लांबवायचा, त्याचा कोट मिळवायचा, डोक्याला टोपी मिळवायची. इथपर्यंत ठीक आहे, चालतं. पुढे एका शेडच्या दाराला भोक आहे, त्या भोकाला चिकटपट्टी लावायची, मांजराला तिथून पळवायचं, पट्टीला चिकटलेले केस घ्यायचे, जेवणाच्या खोलीतला सिरप घेऊन ते ओठावर चिकटवायचे, मिशी तयार. आणि मोझलीला मिशी नाहीच! म्हणून त्याच्या पासपोर्टच्या फोटोवर मार्करने मिशी काढायची. म्हणजे ज्याला मिशी नाही त्याचं सोंग घ्यायला मिशी लावायची आणि मग ती मिशी जुळली पाहिजे म्हणून फोटो बिघडवायचा. यात डिटेक्टिव्हचं डोकं कुठेच लागत नाही, लेखकाच्या मनात काय आलं असेल त्याचा अंदाज लावावा लागतो. २००० साली एरिक वोल्पॉने, म्हणजे जो पुढे पोर्टल गेमच्या लेखकांपैकी एक झाला त्याने, याच कोड्यावर लेख लिहिला आणि अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे असे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेणारे गेम, कशाने मेले याचा दाखला म्हणून ही मिशी कायमची चिकटली. जेन जेन्सनने आखलेलं मूळ कोडं बजेटपायी गेलं आणि हे प्रोड्यूसरने सुचवलं, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

तर माझा सल्ला, इथे अजिबात झुंजू नका. वरती मी लिहिलंय तेवढं वाचा, अडलं तर सरळ वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं दिलेली गाईड, उघडा, एकेक वस्तू गोळा करा आणि पुढे व्हा. यात हरल्यासारखं काही नाही. मी या कोड्यात दीड आठवडा घालवला होता, मे महिन्यात, आणि तो दीड आठवडा मला दुसरीकडे हवा होता.

मोटरसायकल मिळाली की गेम मोकळा होतो, आजूबाजूच्या गावांत फिरता येतं, लोकांचा पाठलाग करता येतो. इथून एक गोष्ट समजून घ्या, वेळ घड्याळाने पुढे सरकत नाही, दिवसाचे तुकडे केलेत आणि एका तुकड्यातली ठरलेली कामं झाली की पुढचा तुकडा सुरू होतो. त्यामुळे घाई करून मुख्य काम उरकलं तर बाजूच्या पुष्कळ गोष्टी कायमच्या सुटतात, कोणाचं बोलणं चोरून ऐकायचं राहतं, कोणाची खोली बघायची राहते. एकूण ९६५ पॉइंट आहेत, ते पूर्ण करायच्या मागे लागू नका, पण प्रत्येक तुकड्यात एकदा पूर्ण हॉटेल आणि एकदा पूर्ण गाव फिरा, मगच पुढे जा. आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला वेगळा सेव्ह, जुन्यावर चढवायचा नाही.

बोटांचे ठसे घ्यायचं काम फार छान केलंय. पेला, पाकीट, सूटकेस, जे दिसेल त्यावर पावडर मारून ठसा उचलायचा, मग सिडनी नावाच्या कॉम्प्युटरमधे टाकायचा आणि तुम्ही स्वतः ठरवायचं हा कोणाचा. गेम तुम्हाला ठसा कोणाचा हे आपणहून सांगत नाही. एका खोलीत ज्याचा ठसा असायला नको त्याचा सापडला की अंगावर काटा येतो, खरंच. एक वही ठेवा, पानावर प्रत्येक पाहुण्याचं नाव आणि खाली तो काय खोटं बोलला ते.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सर्पाचं कोडं, ल सेर्पां रूज, म्हणजे लाल सर्प. हा कागदही खरा आहे, म्हणजे १९६७ मधे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झालेली एक पुस्तिका, खजिन्याच्या गोष्टीसाठी बनवलेली, तेरा कडवी, प्रत्येक कडवं एका राशीचं. ग्रेसला ती कडवी वाचून सिडनीमधल्या नकाशावर खुणा करत जायचं असतं. एका राशीला वर्तुळ, पुढे चौकोन, मग तो फिरवायचा, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी, मग षटकोनी तारा. एक कडवं सुटल्याशिवाय पुढचं उघडत नाही.

इथे वॉकथ्रू बंद. पूर्ण बंद. हाताशी फोन असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवा.

मी आणि मावसभाऊ हे सोडवायला बसलो तेव्हा बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरसमोर सतरंजी टाकलेली, लाइट कधी जाईल भरवसा नाही म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह. स्क्रीनवर बघून डोळे दुखले तेव्हा त्याने नकाशा मोठ्या कागदावर उतरवला आणि दहावीची कंपासपेटी काढली. वर्तुळ काही केल्या बसेना, तीन गावांतून जायचं ते दोनातूनच जायचं. आई तांदूळ निवडत होती, म्हणे काय चाललंय तुमचं, आम्ही म्हटलं राशी, तर ती म्हणाली कुंभपासून काऊन सुरू केलं रे, मेषपासून करतात ना. आम्ही तोपर्यंत तेराव्या राशीला अडून होतो, बारा राशी आणि कडवी तेरा. मग भावाला आठवलं, शाळेच्या ट्रिपला रमण सायन्सच्या तारांगणात दाखवलं होतं, वृश्चिक आणि धनु यांच्या मधे भुजंगधारी असतो, हातात साप धरलेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. साप! नंतर कागदावरची गावं पुन्हा मोजली, एक गाव चुकीच्या जागी उतरवलं होतं, ते खोडून नीट लावलं, कंपास फिरवला आणि रेघ तिन्हीतून गेली. पेन्सिलीचं टोक तिसऱ्या गावावरून सरकलं तेव्हा आम्ही दोघं जे ओरडलो ते शेजारच्या काकू विचारायला आल्या काय झालं म्हणून.

गेम खेळून तसं वाटणं मला त्यानंतर फार कमी वेळा झालंय. म्हणून सांगतो, नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या, मोठा प्रिंट काढा, पेन्सिल, पट्टी, कंपास घ्या आणि कागदावर करा, मग सिडनीत करा. कडव्यात जो शब्द अवघड वाटेल तो आधी सिडनीत शोधा, त्यातल्या नोंदी नुसत्या शोभेच्या नाहीत, उत्तर बहुतेक तिथेच असतं. एखाद्या कडव्यावर अडलात तर उठा, दुसऱ्या दिवशी बसा. तीन दिवसांत नाहीच सुटलं तर फक्त त्या एका कडव्याचा इशारा बघा, पुढचं वाचू नका. आणि एकट्याने करण्यापेक्षा दोघांनी करा, एक जण वाचतो, एक जण रेघा मारतो.

शेवटाबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवतो, गोष्ट न फोडता. एक म्हणजे शेवट ग्रेसच्या बाबतीत मोकळा सोडलाय आणि चौथा भाग कधी आलाच नाही, हे माहीत असू द्या, मला माहीत नव्हतं आणि मी कितीतरी दिवस पुढच्या भागाची वाट बघत होतो. दुसरं म्हणजे शेवटच्या भूमिगत देवळात डोक्यापेक्षा हाताची परीक्षा जास्त आहे, एक मोठा लंबक आहे, त्यावर वेळ साधून उडी मारायची असते, चुकलात की मेलात. गेम पुन्हा प्रयत्न करू देतो, पण देवळात शिरायच्या आधीचा सेव्ह वेगळा ठेवा, आणि लंबकावर उडी मारताना कॅमेरा खालून नको, बाजूने लावा, म्हणजे तो जवळ येताना अंतर दिसतं.