रीजन्सी काळातल्या लग्नाची आदली रात्र कशी लिहायची

माझ्याकडे संपादनाला येणाऱ्या ऐतिहासिक कथांमध्ये हा प्रसंग हटकून असतो, आणि नव्वद टक्के वेळा तिथे आपली पाठवणीच उचलून ठेवलेली असते. गळ्यात गळे, आईचा हुंदका, दारात उभे राहिलेले वडील. घर मात्र इंग्लंडातलं आणि साल 1811 ते 1820 मधलं, म्हणजे राजाच्या वतीने युवराज कारभार पाहायचा त्या रीजन्सी काळातलं. नुसता झगा चढवून हे जमत नाही.

सुरुवात घड्याळापासून करा. विशेष परवाना (कुठेही, कधीही लग्न लावायची मुभा) नसेल तर लग्न चर्चमध्येच आणि सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळातच लागायचं. मेजवानी त्यानंतर, म्हणून तर तिला न्याहारी म्हणत. म्हणजे आदल्या रात्री घर जागरणाला बसलेलं नसतं, पहाटे उठायच्या घाईत असतं. ही घाई तुमच्या कामाची आहे. बोलायला वेळ कमी असला की माणसं मोजकं आणि खरं बोलतात.

झगा पांढराच हवा असं नाही. तो रिवाज पक्का झाला 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नानंतर. 1816 मध्ये राजकन्या शार्लट लग्नाला उभी राहिली ती रुपेरी पोशाखात. साध्या घरची मुलगी पुढेही चारचौघांत घालता येईल असाच झगा शिवायची.

आता बहिणी. त्यांना हाताला काम द्या: रात्री केस कागदाच्या तुकड्यांवर गुंडाळायचे, म्हणजे सकाळी कुरळे होतात. धाकटी गुंडाळतेय, थोरली आरशासमोर.

‘‘दुखतंय गं.’’

‘‘दुखू दे. उद्यापासून मिस म्हणून मला हाक मारतील.’’

यात सगळं आलं. थोरल्या अविवाहित मुलीला ‘मिस’ला जोडून नुसतं आडनाव, बाकीच्यांना नावासकट, ही तिथली रीत. थोरली गेली की तो मान पुढचीकडे येतो. धाकटीला तो हवाही आहे आणि नकोही आहे. ते तुम्ही सांगू नका, पुढचा कागद तिला जरा जास्तच आवळू द्या.

पण माझ्या मते प्रसंगाचा जीव वडिलांमध्ये असतो, आणि लेखक नेमका तिथेच कच खातात. लग्न लागताच मुलीचा पैसाअडका कायद्याने नवऱ्याचा व्हायचा. पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे सामान्यांना तो नाहीच. ऐपतदार बापाच्या हातात एकच हत्यार होतं: लग्नाआधीचा करार. काही रक्कम विश्वस्तांच्या ताब्यात, तिला वर्षाकाठी हातखर्च, नवरा आधी गेला तर पोटापुरती तजवीज. असा बाप ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणणार नाही. तो मेणबत्ती घेऊन येईल, दारावर टकटक करील आणि म्हणेल, ‘‘वकिलाकडून ते कलम पुन्हा लिहून घेतलं. हातखर्चाचं. आता त्याला तुझे पैसे अडवता येणार नाहीत.’’ तिने फक्त ‘‘बरं, पपा’’ म्हणावं. इथे आसवं आणलीत तर मी लाल रेघ मारणार.

मेणबत्तीचाही विचार करा. खऱ्या मेणाची महाग, चरबीची स्वस्त, पण धुरकट आणि वासाची. काटकसरी घरात वडिलांनी त्या रात्री मुलीच्या खोलीत मेणाची लावायला सांगितली असेल, तर वेगळा संवाद लागतच नाही.

आईला मी शक्यतो कामात ठेवते: हॅम, केक, पाहुण्यांच्या गाड्या. तिचं एखादंच वाक्य पुरतं, तेही चादरींवर धाग्याने घातलेल्या अक्षरांबद्दल.

शेवटी वयाचा हिशेब तपासा. मुलगी 21 च्या आतली असेल आणि लग्न चर्चमध्ये आगाऊ घोषणा न करता परवान्यावर असेल, तर वडिलांची संमती लागते. मागच्या प्रकरणात त्यांना रागावून लंडनला पाठवलं असेल, तर आधी परत आणा, नाहीतर जोडप्याला सरळ स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीनला (तिथे ही संमती लागत नसे) पळवा आणि ही रात्र काढून टाका.