आयसीयूतल्या रुग्णाच्या पोटासाठी वनौषधी देताय? या चुका टाळा

आयसीयूत तीन-चार दिवस गेले की नातेवाइकांची नजर मॉनिटरवरून पोटाकडे वळते. पोट फुगलंय, शौचाला झालेली नाही, नळीतून दिलेलं फीड पचत नाहीये. मग कुणीतरी पिशवीतून चूर्णाची पुडी काढतं. त्यामागची माया मी नर्स म्हणून रोज बघते. पण इथलं पोट थांबण्याची कारणं वेगळी असतात: मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, झोपेची औषधं, बीपी टिकवणारी इंजेक्शनं, घटलेलं पोटॅशियम, दिवसेंदिवस एकाच जागी पडून राहणं. कारण कळायच्या आत औषध देणं ही पहिली चूक.

नळीतून चूर्ण किंवा इसबगोल

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एकदा एका मुलाने वडिलांच्या नाकातल्या नळीतून इसबगोल देऊन टाकलं. मी फीडआधी पाणी द्यायला गेले, तर सिरिंजचा दट्ट्या पुढे सरकेना. मागे ओढला तेव्हा टोकाशी बुळबुळीत गोळा आला. १२ फ्रेंच मापाची नळी बाहेरून ४ मिलिमीटर जाड, आतली वाट त्याहून अरुंद. पाणी शोषून फुगणं हा इसबगोलचा गुण, आणि तोच नळीत घात करतो. कोमट पाणी मागे-पुढे करून पाहिलं, शेवटी नळी बदलावी लागली. त्या माणसाच्या नाकातून पुन्हा नळी, पुन्हा एक्स-रे. मुलगा रडवेला झाला होता. त्याला रागावावंसं वाटलं नाही, पण आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नळी अडली तर जोर लावू नका, काडी किंवा तार घालू नका. नर्सला लगेच बोलवा आणि काय दिलं ते खरं सांगा. आणि इसबगोल नळीतून पुढे गेलं तरी धोका संपत नाही. आतडं मंद आणि पाणी मोजून मिळत असेल, तर तो गोळा आतड्यातही अडकू शकतो.

"वनस्पतीच आहे, काय होणार?"

सोनामुखी आम्हीही देतो, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. आतडं कुठे अडलेलं नाही ना, हे आधी पाहिलेलं असतं. अडलेल्या आतड्याला सोनामुखीने जोर लावायला लावलं तर ते फाटूही शकतं. ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम उतरलं की आतडी आणखी सुस्तावतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. पुदिन्याचं तेल अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं. आडव्या पडलेल्या रुग्णात जठरातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती त्याने वाढते.

आल्याबद्दल बरेच जण विचारतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत जठर लवकर रिकामं होण्यासाठी त्याचे छोटे अभ्यास झालेत, म्हणून प्रश्न रास्त आहे. पण आल्याचा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सवरही परिणाम होऊ शकतो आणि आयसीयूत अनेकांना हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असतं, म्हणजे रक्तस्रावाची भीती. जठर रिकामं करायला मेटोक्लोप्रमाइड, एरिथ्रोमायसिन ही औषधं आहेत, ती मोजून देता येतात.

जुलाब लगेच बांधणं

जुलाब अँटिबायोटिकमुळे, सिरपमधल्या सॉर्बिटॉल या गोडी आणणाऱ्या पदार्थामुळे किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे असू शकतात. जंतू असेल तर शौच अडवणारं औषध आजार वाढवू शकतं. आधी नमुना तपासू द्या.

आधी चालू असलेलं न सांगणं

भरती करताना "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं की काढे आणि चूर्णं कुणी मोजतच नाही. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती टॅक्रोलिमसचं, म्हणजे शरीराने प्रत्यारोपित अवयव नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाचं, रक्तातलं प्रमाण खाली आणते. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा नवा अवयवच त्याने धोक्यात येतो. कधीपासून, किती, शेवटचा डोस कधी, हे कागदावर लिहून द्या.

पोट दगडासारखं कडक झालं, हिरवी उलटी झाली किंवा काळी शौच दिसली, तर राउंडची वाट पाहू नका, त्याच क्षणी हाक मारा. आणि घरातली पुडी किंवा बाटली फेकू नका, सोबत आणा. काही चूर्णांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं स्वतःच पोटात कळा आणि बद्धकोष्ठता आणतं. तसा संशय आला तर डॉक्टर रक्ताबरोबर ती पुडीही तपासायला मागतील.