शिआनमध्ये स्वतः फिरताना आणि रस्त्यावर खाताना या चुका टाळा

चीनमधील शिआनला टूर कंपनीशिवाय जाणारे बहुतेक प्रवासी खाण्यासाठी एकच रस्ता गाठतात. १३८० साली बांधलेल्या ड्रम टॉवरच्या कमानीपलीकडे बेइयुआनमन हा रस्ता लागतो आणि तिथल्या रोषणाईत फिरून आले की हुई या चिनी मुस्लिम समाजाची खाद्यवस्ती पाहून झाली, असे त्यांना वाटते. वास्तविक हा रस्ता मुख्यतः पर्यटकांसाठी सजलेला आहे. स्थानिकांच्या नेहमीच्या खाण्याची चव घ्यायची असेल, तर पश्चिमेकडच्या दापीयुआन आणि साजिनछ्याव या भागांत सकाळीच जावे. चिकट तांदूळ, लाल चिनी बोरे आणि राजमा यांचे थर लावून वाफवलेला ‘त्संगगाओ’ हा गोड पदार्थ न्याहारीचा आहे. संध्याकाळवर ठेवला तर तो हुकण्याचीच शक्यता अधिक.

मांसाबाबत काही गृहीत धरणे त्याहून महागात पडते. या वस्तीत डुकराचे मांस नसते, पण मेंढीच्या मांसाबरोबर गोमांस सर्रास असते. वस्तीबाहेर मात्र ‘रौजियामो’ हा भरलेला पाव बहुधा डुकराच्या मांसाचाच मिळतो. शाकाहाऱ्यांनी नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या नूडल्सचा रस्साही अनेकदा हाडे उकळून केलेला असतो. त्यामुळे ‘मांस नको, हाडांचा रस्साही नको’ हे वाक्य चिनी लिपीत मोबाइलवर तयार ठेवावे आणि पैसे देण्यापूर्वीच दाखवावे. ‘ल्यांगपी’ या थंड नूडल्सच्या रुंद पट्ट्यांवर काकडी, तिळाचे वाटण आणि मिरचीचे तेल घालतात; शाकाहाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती तीच आहे.

मेंढीचे मांस खाणाऱ्यांनी ‘पाओमो’ घाईत मागवू नये. आधी रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट पाव समोर येतो. तो पाव आपणच कुस्करायचा असतो, तोही सोयाबीनच्या दाण्याएवढा बारीक. मोठे तुकडे आतून कोरडे राहतात आणि रस्सा नीट मुरत नाही. मग वाडगा क्रमांकासह स्वयंपाकघरात जातो आणि रश्शात शिजून परत येतो. तो ढवळू नये, कडेकडेने खात जावे आणि मधूनमधून सोबतची गोड मुरवलेली लसूण तोंडात टाकावी.

पैशांची तयारी भारतातच करावी. ठेल्यांवर बहुतेक व्यवहार क्यूआर कोडनेच होतात, म्हणून कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ते अलीपे किंवा वीचॅट या पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपला जोडावे, पासपोर्टची पडताळणी आटोपावी आणि ओटीपीसाठी भारतीय सिमचे रोमिंग चालू ठेवावे. विक्रेत्याचा वैयक्तिक कोड असल्यास परदेशी कार्ड अनेकदा चालत नाही. अशा वेळी सुट्या युआनच्या नोटा उपयोगी पडतात. सुकामेवा घेताना पाटीवरचा भाव बहुधा एका ‘जिन’चा, म्हणजे ५०० ग्रॅमचा असतो, हेही ध्यानात असावे.

हॉटेलच्या वायफायवर गूगल मॅप्स उघडत नाही आणि रोमिंगवर उघडले तरी आपले स्थान काहीशे मीटर सरकलेले दिसू शकते, म्हणून गल्ल्यांत शिरण्यापूर्वी चिनी नकाशा-अ‍ॅप अ‍ॅमॅप घ्यावे आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत जपून ठेवावा. शान्शी इतिहास संग्रहालय पाहायचे असल्यास पासपोर्ट क्रमांकावर आगाऊ नोंदणी करावी. मोफत प्रवेशाच्या जागा लवकर संपतात आणि सोमवारी ते बंद असते.