वजनकाट्याशिवाय गाडीचं वजन

आरसीवर छापलेलं वजन रिकाम्या गाडीचं असतं. सामान आणि माणसं भरल्यावर ती किती झाली, हे घरच्या घरी काढता येतं.

१. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हँडब्रेक ओढा. टायर गार असताना चारही चाकांची हवा मोजा.
२. जुनी लग्नपत्रिका टायरखाली समोरून सरकवा. अडेल तिथे खडूने रेघ. मग मागून आणि दोन्ही बाजूंनी तसंच. टेकलेल्या भागाचा चौकोन मिळतो.
३. लांबी गुणिले रुंदी, सेंटिमीटरमध्ये. मोजलेल्या हवेच्या दाबाला (पीएसआय) ०.०७ ने गुणा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या चाकावरचे किलो.

समजा पुढचा ठसा १४ बाय ९ आणि हवा ३३. १२६ गुणिले २.३१, म्हणजे सुमारे २९० किलो. चारही चाकं मोजून बेरीज करा. एकाला चारने गुणू नका, इंजिनामुळे पुढची चाकं बहुधा जास्त दबलेली असतात.

टायरची नक्षी आणि कडांचा ताठपणा यामुळे शे-दीडशे किलोंचा फरक सहज पडतो. त्यामुळे जॅक किंवा टोचनाचा दोर या आकड्यावर निवडू नका, त्यासाठी सरळ वजनकाटा गाठा.