घरच्या घरी ऑईल बदलताना घोडं अडतं कुठं?

शंभर-दीडशे सीसीच्या मोटरसायकलचं इंजिन ऑईल बदलायचं म्हणजे खालचा एक नट खोलायचा, काळं ऑईल सोडायचं, नट परत लावायचा आणि वरून नवीन ओतायचं. काम अर्ध्या तासाचं. मनस्ताप होतो तो दोनच जागी: नटाच्या शेवटच्या पाव फेऱ्यात आणि बाटलीतल्या शेवटच्या शंभर मिलीत. बाकी सगळं हात काळे करण्यापुरतं.

आधी ऑईल. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० चालतं, पल्सर १५० ला २०डब्ल्यू-५०; हा ऑईलच्या जाडपणाचा ग्रेड. ग्रेड जुळला म्हणून भागत नाही, बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटरसायकलच्या ऑईलच्या जपानी मानकाची खूण) लिहिलेलं हवं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, ती क्लचप्लेटवर बसली की गाडी चढाला नुसती ओरडते, पळत नाही. घरात कारचं उरलेलं अर्धा लिटर आहे म्हणून ते मोटरसायकलमध्ये घालू नका. ॲक्टिव्हाचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला त्याच मानकातलं कमी घर्षणाचं ‘एमबी’ चालतं. बाटली घेताना झाकणाचं सील फिरवून बघा. रिकाम्या बाटल्यांत हलक्या दर्जाचं ऑईल भरून विकण्याचा धंदा जुनाच आहे. तो टाळायला आपली रिकामी बाटली भंगारात देण्याआधी तिला चाकूने भोक पाडावं.

सोबत नटाच्या मापाची गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना, नवा वायसर, पसरट घमेलं, चाळण, चिंध्या आणि मापाचा मग घ्या. ड्रेन नट बऱ्याच गाड्यांना सतराचा असतो, पण बसवून खात्री करा. उघड्या तोंडाचा पाना आणि ॲडजस्टेबल पाना या कामाला नकोच. ते दोनच कोपरे धरतात आणि नट गोल करून ठेवतात.

ऊस आणि पाणंदीची गाडी असेल तर इंजिनाच्या बुडाला काळ्या मातीचा थर सिमेंटसारखा चिकटलेला असतो. तो आधी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडा, मग तारेच्या ब्रशने नटाच्या सहाही बाजू मोकळ्या करा. माती ठेवून पाना बसवला तर तो अर्धाच बसतो, आणि नट गोल होण्याचं निम्मं कारण तिथंच असतं.

कुठला नट खोलायचा हेही पक्कं करा. आडव्या सिलिंडरच्या काही छोट्या इंजिनांत ड्रेन नटाजवळच कॅम चेनच्या टेन्शनरचा (इंजिनातली साखळी ताणून धरणाऱ्या भागाचा) बोल्ट असतो. तो खोलला की आतली स्प्रिंग बाहेर येते आणि अर्ध्या तासाचं काम दिवसावर जातं. स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअर ऑईलचा वेगळा बोल्ट असतो. चुकून तो सोडला तर गिअर कोरडे पडतात आणि इंजिनात जुन्यावर नवीन ऑईल भरलं जातं. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच पाना लावा.

इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. ऑईल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. यापेक्षा जास्त तापवू नका, सायलेन्सरचा बाक नटाच्या अगदी जवळ असतो. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा.

आता दिशा. नट जमिनीकडे तोंड करून असतो. खाली आडवं होऊन नटाकडे बघितलं तर तो घड्याळाच्या उलट फिरवल्यावर सुटतो. वरून वाकून, हात खाली घालून करणाऱ्याला तीच फिरकी उलटी दिसते. तो सोडतोय असं समजून आवळत बसतो, मग पान्यावर पाईप चढवतो, आणि ‘कट्’ असा आवाज येऊन पाना एकदम हलका होतो. नट लोखंडी, चेंबर (इंजिनाच्या बुडाचं कवच) ॲल्युमिनियमचं, त्यामुळं आटे जातात ते चेंबरचे. एकदा खाली झोपून दिशा बघा, मगच जोर लावा. नट अडलाच तर नटावर ताठ धरलेल्या पंचवर हलके दोन ठोके द्या आणि पाना एका झटक्यात ओढा. दाब हळूहळू वाढवत नेण्यापेक्षा झटका बरा.

नट हाताने फिरायला लागला की तो वरच्या बाजूला दाबत फिरवा आणि शेवटी पटकन बाजूला घ्या. नाहीतर तो घमेल्यात पडतो आणि गरम ऑईल मनगटावर येतं. चाळण त्याचसाठी. वरचं झाकण उघडं ठेवलं की हवा मिळते आणि धार सरळ पडते. दहा-पंधरा मिनिटं ठिबकू द्या, मधे गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलती करा. जुनं ऑईल दोन बोटांत चोळून बघा. काळं असणं ठीक, बारीक करडी चमकही ठीक. नखाने उचलता येईल असा धातूचा कण दिसला तर नवीन ऑईल भरण्याआधी मेकॅनिकला दाखवा.

वायसर नवाच लावा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दबून बसतो, दुसऱ्यांदा दबायला त्यात काही उरत नाही. जुनाच घातला की ठिबक थांबत नाही, ठिबक थांबत नाही म्हणून नट आणखी आवळला जातो आणि आटे जातात. पाच-दहा रुपयांच्या वायसरपायी लेथची वारी घडते. नट हाताने निदान चार-पाच फेरे सहज आत गेला पाहिजे. सुरुवातीलाच अडला तर तिरका बसलाय, काढून परत लावा. शेवटचा आवळ साधारण २५ न्यूटन मीटर. वीतभर पान्याच्या टोकाला बारा-तेरा किलोचा जोर, एवढंच. पाय देऊन नट आवळण्याची पद्धत ट्रॉलीच्या चाकाला चालते, इथं नाही.

आटे गेलेच तर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील हा उपाय नव्हे. टेपचे तुकडे आतल्या जाळीत जाऊन बसतात. लेथवाल्याकडून हेलिकॉईल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून घ्या. ते मूळच्या आट्यांपेक्षा मजबूत होतं.

आता माप. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: इंजिन पूर्ण खोलल्यावरचा आणि नुसतं ऑईल सोडल्यावरचा. एक लिटर आणि ८५० मिली असे असतील तर आपला आकडा ८५०, कारण उरलेलं जुनं ऑईल आतल्या खाचाखोचांत राहिलेलं असतं. बाटली उपडी करून मोकळं होणारे इथंच फसतात. ऑईल जास्त झालं की क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑईल एअर फिल्टरमध्ये जातं आणि सील गळायला लागतात. आधी शंभर मिली कमीच ओता. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) बघा.

पट्टी बघण्यातही गोम आहे. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत ती नुसती टेकवायची असते, आटे फिरवायचे नाहीत. फिरवली तर ती खोल जाते आणि कमी ऑईलही पुरेसं दिसतं. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि उजव्या बाजूच्या पट्टीला ऑईल कमी लागतं, मग माणूस आणखी ओततो. जास्त झालंच तर मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून वरूनच ओढून घ्या.

ऑईल फिल्टर असलेल्या गाडीत जुना ज्या तोंडाने निघाला त्याच तोंडाने नवा बसवा, ओ-रिंगला (झाकणाच्या रबरी कड्याला) ऑईलचं बोट लावा. झाकणाचे बोल्ट बारीक असतात, मनगटाच्या जोरावरच थांबा.

जुनं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि जुनं ऑईल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं. वाळवीसाठी दारांना फासतात, बांधावर ओततात; विहिरीजवळ तर हे अजिबात नको.

कृष्णाकाठच्या गाड्यांचं वेगळं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीला किक मारायची नाही, बटणही दाबायचं नाही. पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, मग ऑईल सोडा. दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी आत गेलंय. प्लग काढलेलाच ठेवून किक हळूहळू हाताने फिरवा आणि सिलिंडरमधलं पाणी निघू द्या. एअर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि टाकीतलं पाणी काढून झाल्यावर स्वस्तातलं पण त्याच ग्रेडचं ऑईल भरा, तीन-चार मिनिटं रेस न करता चालवा आणि परत सोडा. रंग स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा, दोन-तीन वेळा लागतं. महागाची बाटली त्यानंतर फोडा, आणि पाचशे किलोमीटरवर तीही बदला. पावसाळ्यात नुसत्या झाकणाखाली दिसणारा पांढरट साय-थर वेगळा: गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच फिरत असेल तर आतला ओलावा तिथं जमतो. पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल तर गाडी एकदा लांब, तासगावपर्यंत नेऊन आणा, तो जातो.