अगोटीची कामं आणि लाल विंचू

मे सरत आला की कोकणात अगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामांची घाई उडते. लाकडं पडवीत भरायची, ढासळलेला गडगा लावायचा, गोठ्याची कौलं परतायची. जांभ्याच्या फटी, पेंढा, जुनी लाकडं ही सगळी लाल विंचवाची घरं. त्यात सुट्टीला आलेली मुंबईकर पोरं आंब्याखाली अनवाणी फिरत असतात, आणि लहान मुलांनाच या विषाचा धोका जास्त.

मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर बेततो तो हा बोटाएवढा तांबूस विंचू. ठणका किती आहे यावरून विष मोजू नका. विष अंगात भिनलेल्याला ठणका कमीही असतो. तो घामाने निथळतो, ओकाऱ्या काढतो, त्याचे हातपाय गार पडतात. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येते. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. नुसता ठणका बऱ्याचदा आपोआप ओसरतो, आणि श्रेय विंचू उतरवणाऱ्याला जातं!

विषाने मज्जातंतू चेतवले जातात, रक्तदाब एकदम चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साचतं. क्वचित मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा गुठळीने बंद होते. मग झटके येतात, तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं, माणूस ग्लानीत जातो. हे काही तासांनीही होऊ शकतं. म्हणून दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन लगेच घरी आणू नका; निदान २४ तास दवाखान्यात राहू द्या.

दंशाची जागा कापू नका, करकचून बांधू नका. माणसाला आडवा ठेवून १०८ ला फोन करा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन वापरायला सुरुवात केली आणि मृत्यू खूप घटले. पण ती रक्तदाब उतरवणारी गोळी आहे, घरच्या घरी देऊ नका. विंचवावरची प्रतिविष लसही मिळते.

चिरे उचलताना आधी पहारीने हलवा, हातमोजे आणि गमबूट घाला. गमबूट घालण्याआधी उलटा करून झटका. लाकडांची रास घराच्या भिंतीला टेकवू नका. रात्री अतिनील टॉर्च मारलात तर विंचू हिरवट चमकतो, खळ्यात फिरताना फार कामाचा.

पावसाआधीच जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून ठेवा: प्राझोसिन आणि लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का.