चाच्यांचा गेम आणि राज्य चालवायचा गेम: तुलना करायची तर अशी करा

'असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग' आणि 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हे दोन्ही गेम २०१३ सालचे. पहिल्यात तुम्ही चाच्याचं जहाज चालवता, दुसऱ्यात अख्खं राज्य. दोन्हींत जहाजं आहेत, तोफा आहेत, समुद्रावरून युरोपीय सत्तांची हाणामारी आहे. म्हणून लोक त्यांना शेजारी-शेजारी बसवतात, एकाच्या ग्राफिक्सला दहापैकी नऊ, दुसऱ्याला चार देतात आणि मोकळे होतात. वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? काही नाही.

आधी खेळा. दोन्हींना सारखेच तास द्या, हा सल्ला ऐकू नका. 'ब्लॅक फ्लॅग'बद्दल 'जॅकडॉ' हे जहाज ताब्यात येऊन चार लढाया होईपर्यंत मत बनवू नका, आणि 'युरोपा'बद्दल निदान एक युद्ध हरेपर्यंत.

आता खरी अडचण: मोजायचं कशाने? मी इथेच अडकले होते. लढाईची लढाईशी तुलना करायला गेले आणि फसले. एकीकडे मी स्वतः सुकाणू धरते, शत्रूचं जहाज बाजूला आलं की तोफा डागते, समोरून गोळे येताना दिसले की खलाशांना खाली वाकवते. दुसरीकडे दोन आरमारं भिडतात, आकडे घसरतात आणि मी नुसती बघत बसते. अशी तुलना केली की राज्य चालवायचा गेम दर वेळी हरतो, आणि तो निकाल खोटा असतो.

बऱ्याच खटपटीनंतर सापडलेलं माप एकच: मी चूक केली की गेम काय करतो?

'ब्लॅक फ्लॅग'च्या नकाशाच्या चार कोपऱ्यांत 'लेजंडरी', म्हणजे सगळ्यांत बलाढ्य, जहाजं आहेत. जॅकडॉची पुरती डागडुजी न करता मी त्यातल्या एकाला डिवचलं आणि बुडाले. सहा वेळा. दर वेळी थोडं लोडिंग, की पुन्हा तेच पाणी, तीच संधी. 'युरोपा'त मी पोर्तुगाल घेऊन मोरोक्कोशी भिडले. फौज समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउटात उतरवली आणि आरमार बेफिकिरीने समुद्रात सोडून दिलं. ते बुडालं. फौज पलीकडेच अडकून संपली. नवी उभी करायला कर्ज काढलं, दर महिन्याला व्याज गेलं आणि पाच वर्षांनी मुद्दल दारात उभी राहिली. एका दुपारची चूक मी पुढचे तीन दिवस फेडत होते.

एक ताकीद: ही परीक्षा 'युरोपा'त 'आयर्नमॅन' (जुन्या सेव्हवर परत जाऊ न देणारा प्रकार) चालू करूनच घ्या. नाहीतर हरलात की तुम्ही जुना सेव्ह उघडणार (मीही उघडायचे) आणि दोन्ही गेम सारखेच माफ करणारे वाटणार.

याच मापाने 'जास्त ऐतिहासिक कोणता?' हा वादही सुटतो. 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये मेलात की पडद्यावर 'डीसिंक्रोनाइझ्ड' येतं. तुम्ही जुन्या काळातल्या एका चाच्याच्या आठवणीत शिरलेले असता, आणि गेम सांगतो की हे असं घडलंच नव्हतं, परत करा. म्हणूनच तुम्ही कितीही शौर्य गाजवा, ब्लॅकबिअर्ड हा खराखुरा चाचा १७१८ मध्ये मरतोच. 'युरोपा' सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला, ऑटोमन तुर्कांनी जिंकलेल्या वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. तिथून पुढचं काहीच लिहिलेलं नाही. १४५३ मध्ये तुर्कांच्या हाती पडलेलं कॉन्स्टँटिनोपल तुमच्या खेळात कदाचित पडणारच नाही. पहिल्यात माणसं आणि गावं खरी भेटतात: नसाऊ, हवाना, चाचेगिरी करणारी ॲन बॉनी. दुसऱ्यात परिस्थिती खरी भेटते: कर्ज, वारसाहक्क, दगा देणारा मित्र. त्यामुळे एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

ग्राफिक्स, संगीत: प्रत्येकी एक ओळ पुरे. 'ब्लॅक फ्लॅग'मधली खलाशांची गाणी मात्र ऐकाच.

शेवटी शिफारस लिहा, गुण नकोत. ज्याला रात्री तासभरच मोकळा मिळतो त्याला जॅकडॉवर पाठवा. 'युरोपा' सुचवायचा तर ज्याचा अख्खा रविवार रिकामा आहे त्याला सुचवा, आणि गेम पॉज करूनही हुकूम देता येतात हे आधी सांगा. मला ते कळेपर्यंत १४६० उजाडलं होतं.